पाणीपातळी

आयर्विन पुलाच्या पट्टीवरचे आकडे वाचणं हे माझं काम.
फूट, इंच, वेळ. आधी वहीत, मग फोनवर.
पुरात सगळी सांगली माझ्या आकड्याकडं कान लावून असते,
हिवाळ्यात कुत्रं विचारत नाही.
हिवाळ्यातच कळलं, पाणी घरात शिरलंय.

श्रेणिक दुसरीत. तिसऱ्या हाकेला म्हणायचा, आं?
टीव्हीचा आवाज चोवीसवरून अडतीसवर.
कुंभोजकर बाईंनी डायरीत लाल शाईनं लिहिलं: लक्ष नसते.
त्याची आई म्हणाली, बापाचंच वळण,
ऐकून न ऐकल्यासारखं करतोय.
मी एकदा कान पिरगाळला. डावा.
त्याची नोंद कुठल्याच वहीत नाही.

मिरजेला डॉक्टर हेर्लेकर बाईंनी
कानात रबराचं बोंड बसवलं, हलू नको म्हणाल्या,
यंत्रातून कागद सरकत आला.
चांगल्या कानाची रेघ डोंगरासारखी असते, मध्ये शिखर.
याची बघा.
सपाट.

ही रेघ मी ओळखतो.
पूर वर येऊन थांबतो,
तासातासाला तोच आकडा भरतो आम्ही,
तेव्हा कागदावर हीच पडते.

पडद्यामागं पाणी आहे, बाई म्हणाल्या.
कुठलं? हरिपूरच्या संगमावर डुंबला होता, त्याचं?
बाहेरचं नाही हो, आतलंच.
नाकामागून कानात एक नळी जाते, हवा पोचवते.
पोरांची ती आखूड आणि आडवी.
सर्दीनं सुजली की वाट बंद,
मग कोंडलेल्या खोलीच्या भिंतींना ओल यावी
तसं झिरपत राहतं. आधी पातळ, पुढं डिंकासारखं.
दुखत नाही, ताप नाही. म्हणून घरात कळत नाही.
त्याला ऐकू येतं, पण उशीखालून.

मी पिरगाळल्याचं सांगून टाकलं.
त्यानं पाणी होत नाही, म्हणाल्या.
वर बघितलं नाही.

लसणाचं तेल?
अजिबात नाही. अँटिबायोटिकही नको.
तीन महिने थांबायचं, पुष्कळांचं आपोआप उतरतं.
समोर बसून बोला, तोंड दिसू द्या,
शाळेत पहिला बाक मागून घ्या.
आणि एक फुगा दिला, नाकानं फुगवायचा.

थांबणं हा तर माझा धंदा.
पाणी येताना घाईत येतं, जाताना इंचाइंचानं,
हे मी दर पुरात लोकांना सांगत आलोय.
लोक का चिडतात ते त्या डिसेंबरात कळलं.

रोज संध्याकाळी एक नाकपुडी दाबून श्रेणिक फुगा फुगवायचा.
शेंबडासकट उडायचा फुगा, आम्ही तिघं लोळायचो.
तो आमची तोंडं बघून हसायचा,
जरा उशिरा.
वहीच्या मागच्या पानावर मी लिहीत गेलो:
४ डिसेंबर, तीन हाका.
१९ जानेवारी, दोन.
२० जानेवारी, पुन्हा तीन.

फेब्रुवारीत उजव्या कानाचं शिखर उगवलं, बुटकं, पण शिखर.
डावा तसाच.
आणखी तीन महिने.
मे महिन्यात बाई म्हणाल्या, आता पडदा आत ओढला जातोय,
आता नको थांबायला.

भूल दिली, पडद्याला बारीक चीर,
आतला चिकटा ओढून घेतला,
चिरेत नळी बसवली, तांदळाच्या कणीएवढी.
ग्रोमेट म्हणतात. ती हवेसाठी,
काम झालं की वर्षभरात आपली आपण गळून पडते.
मी बाहेरच्या बाकावर अठरा मिनिटं मोजली.

परतताना रिक्षात, विश्रामबागेपाशी,
मागून एसटीनं हॉर्न दिला
आणि त्यानं दोन्ही हातांनी कान झाकले.
दुखतंय का रे? मी विचारलं,
सहा महिन्यांच्या सवयीनं.
पप्पा, म्हणाला, ओरडू नका की.

रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं.
मी आवाज फूटभर खाली घेतला.
अजून उतरतोय.