इलावेतला सोमवार

आरेकिपाच्या विद्यापीठात मी पाच वर्षं शिकले:
टिंबाआधी शून्य लिहायचं, टिंबानंतर कधीच नाही;
रक्तातल्या एका आकड्यावरून
मूत्रपिंड किती थकलंय ते ओळखायचं;
कुठल्या दोन गोळ्या एका पोटात नांदत नाहीत.
सगळ्यात वीसपैकी अठरा.

मग इंटर्नशिपला धाडलं इलावेला,
जिथे पाणी सत्त्याऐंशीलाच उकळतं
आणि वेफर्सची पाकिटं दुकानात
बेडकांसारखी फुगून बसतात.
औषधखिडकीत सेन्योरा एलादिया.
चष्मा दोरीला, दोरी मानेला,
नजर माझ्या हातांवर.
"पाचापाचानं मोज," म्हणाली,
"दहादहावाल्यांच्या बाटलीत नऊ निघतात."
मी मोजायचे. ती पुन्हा मोजायची.
महिनाभर बरोबर निघाल्या,
तरी मोजायची.

एका बुधवारी आली दोन्या फाउस्तिना,
बोटं आल्याच्या कुड्यांसारखी,
गाठी गाठी, वाकडी,
चिठ्ठी दोन मनगटांत धरलेली.
मेथोट्रेक्सेट. चार पिवळ्या गोळ्या,
आठवड्यातून एकदा, सोमवारी.
रोज घेतल्या तर हाडांच्या आत
रक्त तयार करणारी भट्टी विझते.
हे मला पाठ होतं, पान क्रमांकासकट.

म्हणून सावकाश सांगितलं,
वहीतून घोकलेल्या आयमारात
जिथे शब्द अडला तिथे हातानं:
फक्त सोमवारी. आता पुढचा सोमवार.
मग त्याच्या पुढचा. मग त्याच्या पुढचा.
आणि हात पुढे, आणखी पुढे,
खिडकीच्या गजांतून पार तलावाच्या दिशेनं.
कळलं? हो.
नक्की? हो, हो.
मी पिशवीला गाठ मारू लागले.

"थांब," एलादिया म्हणाली.
"कळलं का, असं विचारू नये.
माणसं भिडेखातर हो म्हणतात.
तिला सांगू दे, तू काय सांगितलंस ते."

दोन्यानं सांगितलं, मायेनं,
जणू आजारी मीच होते:
समोरचा सोमवार चुकला, त्याच्या चार आज.
त्याच्या पलीकडचाही चुकला, त्याच्या चार उद्या.
त्याच्याही पलीकडचा, त्याच्या परवा.
मुलगी म्हणते, सगळं भरून काढायचं.

फ्रिज तेवढा गुरगुरत होता.

एलादिया खिडकीबाहेर गेली,
बाकावर तिच्या शेजारी बसली,
आणि येणारा प्रत्येक सोमवार
अंगठ्यानं खांद्यावरून मागे टाकत गेली.
दोन्या एकेकाला मान डोलवत होती.

चहाच्या वेळी मला म्हणाली:
"नायरा म्हणजे डोळा.
नायरा म्हणजे होऊन गेलेलंही.
जे पाहिलं ते समोर असतं.
उद्या पाठीमागे. तो कुणी पाहिलाय?"
मी विचारलं, हे कुठल्या पुस्तकात आहे?
तिनं माझा कप विसळला, पालथा ठेवला.
"गोळ्या मोज. संध्याकाळची गर्दी येईल."

डिसेंबरात परीक्षेला तेच औषध आलं:
रुग्णाला काय समजावाल? पाच गुण.
पुस्तकाला हवं ते सगळं लिहिलं.
खाली एक ओळ जास्तीची:
मग गप्प बसेन, आणि त्याला बोलू देईन.
लिहितानाच माझा अंगठा आपोआप
खांद्यावरून मागे गेला.

मागच्या बाकावरच्या विल्बेरला वाटलं,
मी खोडरबर मागतेय.
त्यानं हळूच हातात ठेवलं.
अजून माझ्याकडेच आहे.