टेपाड

दिवसाला नऊ घरं. गोठिवलीतलं हे आजचं सातवं.
खांबावरून केसाएवढी काच ओढत आणतो मी
तीन मजले वर, वाळत टाकलेली सुकट, ओल्या चादरी,
कुणाचा तरी गळका एसी, यांच्यामधून.
जास्त वाकवायची नाही, एवढंच पाळायचं.
वाकली तर लगेच तुटत नाही, आतला उजेड गळून जातो
आणि घरात लाल दिवा लागून राहतो.
मग मीटर घेऊन शोधत बसा, कुठे गळाला.

भिंतीला ड्रिल लावलं तेव्हा
गोमा मढवी खुर्ची ओढून धुळीतच बसले.
"इट हाय का बिलॉक?"
भोकातून लाल भुकटी सांडली.
समाधान झालं त्यांचं.

राउटर कुठे ठेवायचा यावर घरात तीन मतं.
सूनबाई म्हणाल्या शोकेसमध्ये, बाहुल्यांमागे, दिसायला नको.
नातू म्हणाला, माझ्या खोलीत.
मी सगळीकडे सांगतो तेच सांगितलं:
फ्रीजमागे नको, आरशापाशी नको,
उंच, मोकळ्यावर, घराच्या मधोमध.
मधोमध देव्हारा होता.
मग त्याच्या वरच्या फळीवर, जरा डावीकडे,
परवानगी आहे असं धरून.

लाल. लाल. बराच वेळ लाल.
मग हिरवा.

नेटवर्कचं नाव नातवानं ठेवलं, इंग्रजी काहीतरी, वाघाचं.
पासवर्ड?
हे विचारलं की माणसं आवाज उतरवतात.
कुणी मुलीचं नाव सांगतं, कुणी लग्नाची तारीख.
ऐरोलीत एका बाईंनी चिठ्ठीवर लिहून दिला
आणि माझं टाइप करून झाल्यावर
चिठ्ठी चहात बुडवली.

"बाबांनाच विचारा, बिल ते भरणार."
"मना काय इचारतस," म्हणत म्हातारा छताकडे बघत राहिला.
मी नियम वाचून दाखवले:
आठ अक्षरं तरी हवीत. एक मोठं. आकडे पाहिजेत.
आणि एखादी खूण, तिरपी रेघ वगैरे.
गोमा मढवी छतावरची नजर न काढता
पाढा म्हटल्यासारखे एका दमात बोलले,
"टेपाड. एकशे त्र्याऐंशी, तिरपी रेघ, दोन."

सगळंच होतं की त्यात. रेघसुद्धा.
टाइप करताना पडद्यावर नुसते ठिपके उमटत गेले,
एका ओळीत, सारख्या अंतरावर.
"आवनी लावलीस," म्हातारा माझ्या खांद्यावरून म्हणाला.
मी जालन्याचा. मला कळलं नाही.
ठिपक्यांखाली हिरव्या अक्षरांत आलं: मजबूत.

टेपाड कुठे आहे, मी विचारलं नाही.
सूनबाईंनीच सांगितलं, चहा देताना, पत्ता सांगावा तसं:
ते पलीकडे काचेच्या कंपन्यांचं गेट नाही का,
कॅबवाले थांबतात तिथे?
तिथला भाताचा तुकडा. उंचवट्याचा.
खाडीचं पाणी चढलं तरी तो तेवढा वाचायचा.

नातू फोनमध्ये भरत होता.
"स्पेलिंग काय याचं, आजोबा?"
"पयला तोंडान बोल. मंग लिव."

वेग मोजून दाखवला. चांगला होता.
राहिले होते फक्त ते चार आकडे,
ग्राहकाच्या फोनवर येतात, त्यानं मला सांगायचे,
तेव्हा कुठे माझं सातवं घर संपतं.
पण गोमा मढवी फोन घेऊन खाली उतरलेले.
गॅलरीतून दिसले:
हात लांब करून, पडद्यावरच्या पंख्यासारख्या खुणेकडे बघत
गल्लीतून चाललेले, एकेक पाऊल मोजत.
भज्यांच्या गाडीशी एक रेघ गेली, मागे सरले.
परत आली.
भिंतीला धरून पुढे,
ट्रान्सफॉर्मरपाशी थांबले,
चपलेच्या टोकानं पेव्हर ब्लॉकवर ओरखडा काढला.
उमटला नाही.
"हितवर!" वर तोंड करून ओरडले.
"काका, ओटीपी!" मी ओरडलो.
त्यांनी हात केला, थांब म्हणून,
आणि उत्तरेची बाजू बघायला निघाले.