मेणाचा काटा

ओल्शानेत्सच्या बाजारात मी मेण तोलतो,
एकोणचाळीस हिवाळे झाले.
राजे किती आले ते घंटेला विचारा.

ल्युतोबोर आला तेव्हा एकोणीस वर्षांचा,
घोडा उसना, झगा थोरल्या भावाचा, बाह्या लांब.
मुत्ना नदी गोठलेली, म्हणून पुलाचा कर वाचला
असं तो हसत म्हणाला. आम्हीही हसलो.
क्रुसाचं चुंबन घेऊन शपथ वाहिली:
नगरसभेविना दंड नाही, कुरणांना हात नाही.
थंडीनं ओठ लोखंडाला चिकटले,
सोडवताना थोडं रक्त आलं.
म्हाताऱ्या कुजबुजल्या, शपथ लागली गं याला.

तीन वर्षं बरी गेली
म्हणजे, मठात कुणी ती लिहून ठेवली नाहीत.

मग चुलतभाऊ प्रेद्स्लाव दक्षिणेकडून,
मग उपासमार, भूर्जाची साल दळून केलेली भाकर,
मग खारींच्या कातड्यांवर दुप्पट कर,
भाडोत्री स्वारांना उधारी चालत नाही.
घंटा वाजली. पुलावर डोकी फुटली.
आम्ही त्याला हाकललं,
बर्फ वितळल्यावर माफी मागून परत आणलं,
पुन्हा हाकललं. त्या दुसऱ्या वेळी
मिलोनेगा, त्याची बायको, होडीत उभी राहून
पाळणा राहिला, पाळणा राहिला, म्हणून ओरडत होती.
पाळणा आम्ही जाळला होता.
थंडी होती.

तिसऱ्यांदा आला तो चालत,
एका पोराच्या खांद्यावर हात ठेवून.
डोळे प्रेद्स्लावनं ठेवून घेतले,
तहाच्या मेजवानीनंतर.

घंटा गप्प. माणसं दारं लोटून आत.
तो वासाच्या मागानं थेट माझ्या काट्याशी आला.
"दोन मेणबत्त्यांपुरतं दे."
मी तोललं. अंगठा पारड्यावर गेला,
सवयीनं, केसभर.

"अंगठा काढ, नेझाता," तो म्हणाला,
"मी गादीवर होतो तेव्हाही तू हेच करायचास.
तेव्हा मला दिसत होतं,
म्हणून बोललो नाही."

मी अंगठा काढला. पारडं वर गेलं.
सुपारीएवढा गोळा आणखी टाकला.
एक मेणबत्ती मिलोनेगाची असणार,
दुसरी कुणाची ते विचारायचं धाडस झालं नाही.
पोरानं खारीच्या कातड्याचा तुकडा पुढे केला,
कडा झिजलेला, अर्ध्या किमतीचाही नाही.

मी घेतला.