इतिवृत्तात नसलेलं

आइसलँडहून आधी चारशे पानं आली,
मागोमाग सात माणसं.
मी कारकून. नैवाशाच्या वरच्या डोंगरात
पत्र्याच्या खोलीत बसून इतिवृत्त लिहिते:
हजर कोण, चहा किती,
कलम नऊ-ब : माहिती कुंपणापलीकडे जाणार नाही.

तीन दिवस पडद्यावर आलेख चढले, उतरले.
आमची माणसं माना हलवत राहिली.
त्यांचा म्होरक्या स्टेनग्रिमुर, उन्हानं लालेलाल,
दर तासाला विचारायचा, काही शंका?
शंका यायलाही थोडं ठाऊक असावं लागतं,
किंवा शेजारी असं कुणी, ज्याच्यासमोर
अडाणी दिसायची लाज वाटत नाही.

चौथ्या दिवशी विहीर खोकली.
वाफेची विहीर, पाण्याची नव्हे.
सगळे मागे सरले. नासिएकू पुढे गेली,
पान्याचं एक टोक नळीला, एक कानामागच्या हाडाला,
आणि डोळे मिटले.
चेप्क्वोनी न सांगता झडपेपाशी.
म्हाताऱ्या गितोंगानं नुसता तळवा वर केला : थांबा.
नऊ वर्षं एकाच पाळीत झिजलेली माणसं
एकमेकांशी पुरी वाक्यं बोलत नाहीत.

स्टेनग्रिमुर बघत राहिला.
मग त्यानं खिशातून एक लाकडी काठी काढली,
वीतभर, कानाकडच्या टोकाला काळवंडलेली,
आणि तोही वाकला.
एका नळीला दोन बाजूंनी दोन कान.
तो त्याच्या भाषेत काही म्हणाला.
ती म्हणाली, आत दगड धरतोय.
दुभाष्या जेवायला गेला होता.

त्या रात्री चारशे पानं पहिल्यांदा उघडली,
तेलकट अंगठ्यांनी, मधूनच, दोनशे बारापासून.
हे चूक आहे, नासिएकू म्हणाली,
आमचा खडक असा वागत नाही.
त्यानं स्वतःच्या कंपनीचं पान खोडलं,
पेन्सिलीनं, समासात तिचं नाव लिहून.

डोंगरापलीकडच्या कंपनीलाही
हीच पानं गेली होती, हीच माणसं.
तिथे दर सहा महिन्यांनी ठेकेदार बदलतो, टोळी बदलते.
पानं कपाटावर आहेत, त्यांच्यावर थर्मास.
पालथ्या घड्यावर पाणी, साहेब हसून म्हणाले.
घडा आपणहून पालथा होत नाही, साहेब,
हे मी म्हटलं नाही.

वकिलानं नैरोबीहून विचारलंय :
कुंपणापलीकडे नेमकं काय गेलं?
मी लिहिलं : विहीर एकोणीस, दुरुस्त. चहा, अकरा.

काठी आता नासिएकूच्या खिशात असते.
हत्यारांच्या यादीत एक पाना कमी भरतो.
मी अजून कुणाला विचारलेलं नाही.