तेहतीस पौंड

फीड स्टोअरच्या मागे, जिथे चाऱ्याच्या गासड्या तोलतात,
त्या लोखंडी काट्यावर आम्ही एकेक करून चढलो,
बुटांसकट, जाकिटांसकट.
बेन्यात म्हणाला, डोंगरात काय अनवाणी जाणार आहोत?
पेन्सिल कानामागे. वही खाणीतली,
पानापानावर ग्रीसचा अंगठा.

नेवाडातला ऑक्टोबर. रुबी पर्वतावर कालच बर्फ पडलेलं,
वाऱ्याला सेजब्रशचा कडसर वास.
हा माणूस दिवसभर सोन्याच्या खाणीत
दोनशे चाळीस टन दगड वाहणारा ट्रक हाकतो,
त्याच्या एका चाकाआड आमचं गॅरेज झाकलं जाईल.
आणि गेले तीन आठवडे
एकेका पौंडापायी याचा घास हातातच राहतो.

लाल ट्रक सगळ्यांनाच आवडला होता.
पोट जमिनीपासून उंच, नाक वर,
दगडावर चढताना चाकं एकमेकांना सोडत नाहीत,
आणि स्प्रिंगा अशा मऊ
की खड्ड्यातही कॉफी सांडायची नाही.
पण दाराच्या फटीत पिवळं लेबल:
माणसं आणि सामान मिळून अकराशे पन्नास पौंड. बस्स.

विक्रेता लायल हसला, थोडं इकडेतिकडे चालतं हो.
बेन्यातने त्याच्याकडे नुसतं पाहिलं.
ओझं कुठे मोडतं ते त्याने पाहिलंय.

अंदोनी प्रत्येक ट्रकच्या मागच्या सीटवर बसून
डोळे मिटून इंडिकेटर ऐकत होता.
पांढरा चिवचिवतो, म्हणून बाद.
लालवर तो काही बोलला नाही.

हिशेब बॉनेटवर मांडला.
बेन्यात दोनशे दहा. मी एकशे अठ्ठावन्न (बूट जड आहेत).
अंदोनी एकाहत्तर.
नेरेया चौदाची, काट्याकडे फिरकलीच नाही;
तिच्यापुढे लिहिलं: तिचं तिला ठाऊक, एकशे बारा धरू.
टपावरचा तंबू एकशे पंचेचाळीस.
पाणी पंधरा गॅलन, म्हणजे सव्वाशे.
बर्फपेटी, शेगडी, हत्यारं, जादा टायर, शेकोटीच्या खुर्च्या…

अकराशे त्र्याऐंशी.

तेहतीस पौंड जास्त.
मी म्हटलं, बिडाचं भांडं घरी ठेवू.
मग रश्शाचं काय, असं तिघांनी एकदम विचारलं.
खुर्च्या नकोत, जमिनीवर बसू.
बेन्यात म्हणाला, माझ्या गुडघ्यांना विचार.

नेरेयाने वही ओढून घेतली, बोट खाली सरकवत नेलं
आणि एका ओळीवर थांबवलं.
बाबा, हे बासष्ट?

टोपो. बासष्ट.
सवयीने लिहिला होता, आमच्यात, अंदोनीच्या खाली.
मार्चमध्ये शेडमागच्या ज्युनिपरखाली पुरला त्याला,
जमीन गोठलेली, पहार वापरावी लागली.

बासष्ट वजा केले तर लाल ट्रक आमचा.
वर एकोणतीस पौंड शिल्लक.
बेन्यातने पेन्सिल उलटी केली,
रबराचं टोक आकड्यावर टेकवलं,
आणि तशीच धरून ठेवली.
लायल उगाच टायरकडे बघू लागला.

आतून अंदोनीचा आवाज आला, डोळे मिटलेलेच:
तो मध्ये बसतो.

आम्ही मातकट ट्रक घेतला.
कुणाला दाखवावा असा नाही. बॉनेट खोक्यासारखं,
रेडिओला खोकला, स्प्रिंगा कडक;
जार्बिजच्या वाटेवर दात वाजतील हे नक्की.
लेबलवर चौदाशे दहा.
कशामुळे ठरलं, लायलने सही घेताना विचारलं.
इंडिकेटर, बेन्यात म्हणाला.
आणि खोटं तरी कसं म्हणू,
अंदोनीने त्याच्या टिकटिकीला मान डोलावली होती.

घरी येताना मागे मधल्या पट्ट्याचा खटका वाजला.
मी वळून पाहिलं नाही.
रस्ता सरळ होता, तरी बेन्यातने
मैलभर इंडिकेटर चालू ठेवला.

मग म्हणाला, पाणी किती धरलं होतं?
पंधरा गॅलन.
वीस कर.