दीड टन

स्कार्फमध्ये तोंड, ओढणीत डोकं,
पर्समध्ये कांदा, आईनं लावलेली सवय.
मेडिकलहून मानकापूरपर्यंत
स्कूटीचं सीट म्हणजे तवा.
नवतप्याचा चौथा दिवस. दुपारचे दीड.
अशा वेळी शहाणा माणूस एसी पाहायला निघत नाही,
पण एसी पाहायचा तर अशाच वेळी पाहावा,
हे इर्शाद मेकॅनिकचं म्हणणं.
"थंडीत तर सगळेच चालतात, ताई."

विकणाऱ्याचं नाव दुर्योधन नंदनवार.
आवाज मात्र इतका मवाळ
की मी दोनदा विचारलं, काय म्हणालात?
"आठ वर्षं झाली. लपवत नाही."

इर्शादनं ग्रील काढली. टॉर्च मारला.
गेज लावून काट्याकडे बघत बसला,
जशी मी बघत असते रात्रभर
उष्माघाताच्या वॉर्डात पारा,
बर्फाच्या पिशव्या काखेत, ओल्या चादरी,
आणि एकशे पाचवर अडून बसलेला कुणाचा तरी बाप.

"गॅस बरोबर आहे. कॉइलला जंग चढून राहिला.
साडेअकरा जास्त होतात. नऊला द्या, काका."
काका पंख्याकडे पाहून म्हणाले, "चालवून तर पहा."

प्रफुल्ल सकाळीच म्हणाला होता,
कूलरनं आपलं काय वाईट केलं?
काही नाही केलं बिचाऱ्यानं.
टाकी दोनला रिकामी होते,
नळ येतो पहाटे, मी ड्यूटीवर असते तेव्हा,
आणि ताट्या सुकल्या की तो
भट्टीची हवा वाळ्याच्या वासासकट अंगावर टाकतो.
बाकी काही नाही.
बिलाचंही तो बोलला. त्यात त्याचं चूक नाही.

आउटडोअर घरघरला, मग लागला.
काकांनी पडदे ओढले. काळे, जाड, दुहेरी.
माणूस दिवसा झोपत असल्याशिवाय
असे पडदे शिवून घेत नाही.
"कोराडीला होतो," ते म्हणाले, "बॉयलरवर.
तीस वर्षं, अर्ध्या रात्री जागून.
तुमच्या घरचे दिवे आमच्याच हातचे.
आता झोप रात्रीही येत नाही,
मग दिवसाच्या झोपेवर कशाला खर्च?"
मी म्हटलं, मी सिस्टर आहे. नाईट.
ते नुसते "हं" म्हणाले
आणि प्लॅस्टिकची खुर्ची हवेखाली सरकवली.

जाळीला लाल रिबिनीचा तुकडा बांधलेला.
तो आडवा उडत होता, सरळ, न थांबता.
मानेवरचा घाम आधी गार झाला, मग गेला.
कोपऱ्यातला फ्रीज ऐकू येत नव्हता,
बाहेरचा हॉर्न ऐकू येत नव्हता,
मला वाटतं मी बिलाचाच हिशेब करत होते,
युनिट गुणिले आठ तास गुणिले

जाग आली तेव्हा खोलीत कोणी नव्हतं.
ट्यूबलाइट बंद. चपला कोणीतरी
दाराशी सरळ लावून ठेवलेल्या.
पर्स मांडीवरच होती. चार वाजायला पाच.
वऱ्हांड्यात दोघं हळू आवाजात बोलत होते,
इर्शाद आणि काका,
लहान मूल निजलेलं असलं की बोलतात तसं.

लाज वाटली. तोंड पुसत बाहेर आले.
कुणी काही म्हटलं नाही. चहा आला.
शेवटी इर्शादच: "मग ताई? काय करायचं?"
मी म्हटलं, "झोप लागली बाप्पा."
त्यानं ते हिशेबात धरलं.

"नऊ ठीक आहे," काका म्हणाले,
"पण एक सांगून ठेवतो.
दुपारी चारच्या सुमारास हा बंद पडतो.
घाबरायचं नाही. बटण दाबायचं नाही.
तीन मिनिटांनी आपला आपण लागतो.
मी त्या तीन मिनिटांत कूस बदलायचो."

आत घरघर थांबली.
आम्ही तिघं कप हातात धरून
गप्प बसलो.