सात इंच की नऊ

शिहाब काचेवर दोन यंत्रं ठेवतो
आणि विचारतो, सात इंच की नऊ?
जणू मासे पडद्यातच वाढून घेणार आहे मी.

आधी उन्हात ने, मी म्हणतो.
मआरीदचा रस्ता, ऑगस्ट, दुपारचे दोन,
कावळासुद्धा सावली सोडायला तयार नाही.
सात इंचीत दिसतं फक्त माझं तोंड,
दाढीचे पांढरे खुंट, मागे दुकानाची पाटी उलटी.
नऊवाल्यात आकडे वाचता येतात,
चष्म्याशिवाय.
हे अरबाबला सांगायचं नाही.

अरबाब सैफ फोनवर. त्याचा एकच प्रश्न : किती?
अठ्ठावीस फुटी फायबरची होडी, दोन इंजिनं,
राम्सहून निघून तीस वावांपलीकडे आम्ही जात नाही.
हजार मीटर खोलीचा सेन्सर घेऊन
कोणाला शोधायचंय?
सहाशे वॅट पुरे.
पण मागच्या फळीवर ठोकू नकोस, शिहाब.
इंजिनाचा फेस खालून गेला
की यंत्र लग्न जुळवणाऱ्यासारखं बोलायला लागतं,
भरभरून, आणि सगळं खोटं.

मग बुडाला भोक पाडावं लागेल, शिहाब म्हणतो.
मुसद्दिक, हर्णैचा, माझा खलाशी,
हात खिशात घालून दाराकडे बघतो.

तातू कुबल शिशाच्या गोळ्याला खालून साबण फासायचा.
दोरी वर ओढली की साबणाला चिकटलेलं बघायचा :
वाळू, शिंपल्यांचा चुरा, कधी काळा चिखल.
चिखल जिभेला लावून थुंकायचा,
मगच सांगायचा, टाक गरगूर.
दर्याक नंबर नसता रे, बूड असता.
हे यंत्र खडक जाड लाल दाखवतं,
चिखल फिकट, पातळ.
वास कुठल्या रंगात दाखवतं
ते मी शिहाबला विचारलं नाही.

आणि गेल्या जूनमधली ती सकाळ.
होरमुझच्या बाजूने हवेत काहीतरी आलं,
जुन्या यंत्राने आम्हाला उचललं
आणि विमानतळाच्या धावपट्टीवर ठेवलं.
बारा वाव पाण्यात जाळी ओढत होतो आम्ही,
पडद्यावर होडी डांबरावरून चालली होती, चौदा नॉट.
चाचा, पासपोर्ट आणलाय का, मुसद्दिक म्हणाला.
खोलीचा आकडा मात्र जागचा हलला नाही.
बारा. अकरा. नऊ. पुन्हा बारा.
त्या उंचवट्याने सांगितलं कुठे आहोत,
डोंगरातली खिंड उजव्या खांद्यावर धरून परत आलो.

म्हणून अरबाबला सांगतो :
पैसे कापायचे तर नकाशातून काप,
तळातून नको.
पलीकडे बराच वेळ नुसता एसीचा आवाज.
मग, तय्यिब.

जुन्याला कार्डाची खाच नाही.
खुणा हातानेच उतरवायच्या, दोनशे सत्तावन्न.
मी वाचतो, मुसद्दिक लिहितो, शिहाब चहा मागवतो.
नावाला तेव्हा चारच इंग्रजी अक्षरं मावत,
तातूने तेवढ्यात संसार बसवलेला :
मेव्हणीचं नाव, शेवरीचं झाड, दोन शिव्या.
अठ्ठ्याऐंशीवर फक्त, नको.
का नको, कुणास ठाऊक.
तातू आता देवबागला असतो, फोनवर नुसता खोकतो.

ही पण घालू? शिहाब.
घाल.

पहिल्याच फेरीत तिकडून गेलो.
अठरा वाव, सपाट, पडद्यावर फिकट रेघ,
एक दगड नाही, काही नाही.
मुसद्दिकने गरगूर उचललं, टाकू?

मी इंजिन पुढे ढकललं.